सव्वासातची उकडपेंडी

गावंडेकाकांनी कोणाच्याही मुलाला 'अभ्यास कसा चाललाय' असं कधी विचारलं नाही. ते विचारायचे, "काल किती?" आयर्लंडमधल्या एनिस गावात आमची जी मराठी घरं होती, त्यांतल्या सगळ्या मुलांना हा प्रश्न पाठ होता. काल किती तास झोपलास, असा त्याचा अर्थ. उत्तरात कोणी 'सात-आठ' म्हणालं की काका भुवई वर करायचे. "सात की आठ? अंदाजे नको, बापा."

माणूस मूळचा नागपूरचा. शॅननजवळच्या वैद्यकीय उपकरणांच्या फॅक्टरीत गुणवत्ता विभागात होता. मी त्याच फॅक्टरीत, उत्पादनावर. ते आमच्यापासून तीन घरं सोडून कोपऱ्यावर राहायचे, एकटेच. काकू त्यांच्या आजारी आईपाशी नागपुरात असायच्या आणि उन्हाळ्यात दोन महिने यायच्या. मुलगी मुक्ता कॉर्कला नोकरीला होती. फॅक्टरीतले आयरिश लोक त्यांना 'प्रॅब' म्हणायचे, कारण प्रभाकर म्हणायचं त्यांच्या जिवावर यायचं.

एका जागी बसणं त्यांना माहीतच नव्हतं. जेवायचे उभ्याने, फोनवर बोलायचे चालत. आमच्या घरी आले की कोट काढायच्या आधी स्वयंपाकघरातली प्रेस उघडायचे. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि आम्हीही आता तेच म्हणतो. सईचे सीरिअल बार सापडले की खोका उलटा करून त्यावरची बारीक अक्षरं चष्मा वर करून वाचायचे. "इतकी साखर तर आमच्या इतवारीतला हलवाई बर्फीत टाकत नाही," म्हणायचे आणि खोका परत ठेवायचे. फेकून दे असं त्यांनी कधी म्हटलं नाही. मला मात्र तो खोका पुढे आठ दिवस टोचत राहायचा, आणि त्याचा मला राग यायचा. दुसऱ्याच्या प्रेस उघडायचा ह्यांना काय अधिकार, असं मी नवऱ्याला, म्हणजे मंदारला, दर वेळी ऐकवायची.

एकदा लिमरिकच्या गणपतीत मंडळाने त्यांचं भाषण ठेवलं होतं. विषय होता 'परीक्षा आणि यश', वेळ अर्धा तास. समोर पंधरा-वीस मोठी मुलं आणि मागे आम्ही पालक वह्या घेऊन. काकांनी माइक हातात घेतला आणि मुलांना विचारलं, "काल रात्री आठ तास झोपला असा कोण आहे?" एकही हात वर गेला नाही. "आज सकाळी बसून खाल्लं असा?" दोन हात वर झाले, त्यातला एक परत खाली आला. काका म्हणाले, "मग माझं भाषण ऐकून काय करून राहिले तुम्ही? जा, प्रसाद घ्या, घरी जाऊन झोपा." आणि माइक ठेवून चपला शोधायला निघून गेले. उरलेली अठ्ठावीस मिनिटं मंडळाच्या अध्यक्षांनी आरत्या म्हणून भरून काढली. गाडीत मी मंदारला म्हटलं, माणूस विक्षिप्त आहे. तो म्हणाला, पण बरोबर बोलला. मग घरी येईपर्यंत आम्ही भांडलो.

हे भांडण का झालं ते सांगायला हवं. सई त्या वर्षी शाळेच्या शेवटच्या वर्गात होती, म्हणजे लीव्हिंग सर्टचं वर्ष. इथे बारावीच्या ह्या परीक्षेच्या गुणांवर पॉइंट मिळतात आणि पॉइंटांवर कॉलेज. तिला फिजिओथेरपी हवी होती आणि तिचे पॉइंट जरा काठावर बसत होते. मुलं साधारण सात विषय घेतात, सईचे आठ होते. आठवा, अप्लाइड मॅथ्स, माझ्या आग्रहाने. मी सकाळी सातच्या पाळीला, मंदार लिमरिकला आयटीत. घरातून आम्ही दोघं पावणेसातच्या आत बाहेर. सईने केव्हा उठावं, काय खावं, केव्हा झोपावं हे बघायला घरात कोणी नव्हतं. मग मी जे केलं ते फक्त आमच्यासारख्या लोकांनाच सुचेल. मी तक्ता बनवला.

साधासुधा तक्ता नव्हे. फॅक्टरीत प्रत्येक बॅचची नोंद ठेवतो तसा. तारीख, झोपण्याची वेळ, उठण्याची वेळ, न्याहारी, डबा, पाणी, शेरा. शेवटी दोन सह्या: नोंद करणारी सई, तपासणारी मी. तो फ्रिजवर चुंबकाने लावला. दर रविवारी मी आठवड्याच्या नोंदी वाचायची आणि खाली सही ठोकायची. साडेदहाला झोप, साडेसहाला उठणं, न्याहारी पूर्ण, डबा पूर्ण. मला इतकं बरं वाटायचं काय सांगू. सईचे डोळे खोल गेले होते, ती जिन्यावरून उतरताना कठडा धरायची, कोणी हाक मारली की दचकायची. पण तक्ता ठीक होता, त्यामुळे मी कामाला जाऊ शकत होते. "बरी आहेस ना गं?" विचारलं की "आय'म ग्रँड, आई." ह्या देशात 'ग्रँड' म्हटलं की पुढे कोणी काही विचारायचं नसतं. मीही विचारलं नाही.

नोव्हेंबरात काका साखर मागायला आले, तेव्हा त्यांनी तो तक्ता पाहिला. चष्मा वर करून बराच वेळ वाचला. आदल्या महिन्याचे कागद मागे लावलेले होते, तेही उलटून पाहिले. तीस वर्षं लोकांच्या नोंदी तपासणारा माणूस, काहीतरी चांगलं म्हणेल अशी अपेक्षा होती. ते म्हणाले, "कागद लय स्वच्छ आहे तुझा."

मी थँक्यू म्हटलं. आजही आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशीपासून सई सकाळी त्यांच्याकडे जायला लागली. काकांचं ऑफिस नऊचं. "सव्वासात ते सव्वाआठ पोरगी माझ्याकडे बसेल, मग शाळेत सोडून मी पुढे जाईन," असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. शेजारची इफाही सईबरोबर जायला लागली, कारण तिच्या घरीही सकाळी कोणी नसायचं. काका रोज गरम काहीतरी करायचे आणि आठवड्यातून तीनदा ते उकडपेंडी असायचं. कणीक तेलावर खमंग भाजायची, कांदा-मिरचीची फोडणी, आंबट ताकाचा हबका आणि झाकण. इफा त्याला 'द ब्राउन स्टफ' म्हणायची आणि दोनदा घ्यायची.

त्या स्वयंपाकघरात काय चालायचं हे मला सईने फार नंतर सांगितलं. टेबलावर पुस्तक दिसलं की काका ते उचलून फ्रिजवर ठेवायचे, रागावून नाही, मीठदाणी सरकवावी तसं. मग मुलींकडे पाठ करून भांडी घासायला लागायचे. घासलेलीच भांडी परत घासायचे. सईने एकदा विचारलं तर म्हणाले, "कोणी तोंडाकडे पाहून राहिलं की घास उतरत नाही माणसाला. मी नळाकडे पाहतो, तू खा." पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला तक्त्याबद्दल विचारलं होतं. आकडा नको, खरं सांग, म्हणाले. सईने खरं सांगितलं. रात्री दोन, कधी अडीच. डब्यातली पोळीभाजी शाळेच्या कचऱ्यात, कारण जेवणाच्या सुट्टीत लायब्ररी मोकळी मिळते. झोप येऊ नये म्हणून ते कॅनमधलं एनर्जी ड्रिंक, रोज दोन. आणि तक्ता रविवारी दुपारी एकदम भरायचा, आई चहा करते तेवढ्या वेळात. आईला सांगू नका म्हणून ती रडली. काकांनी अट घातली: रोज सकाळी इथे पोटभर खायचं आणि आधी दोनऐवजी बारा, मग अकरा असं झोपेवर यायचं. नाही जमलं तर आईला तू स्वतः सांगायचं. ती हो म्हणाली.

आणि डिसेंबरभर ते खरंच जमलं होतं. मला वाटायचं माझ्या तक्त्याने फरक पडतोय.

फेब्रुवारीत सराव परीक्षा आल्या, मॉक्स. सईने काकांना सांगितलं की परीक्षेपुरती आई उशिरा जाते, घरीच खाऊ घालते. मला सांगितलं, काकांकडे खाल्लं. इफाला सांगितलं, मी एकटी चालत जाईन, मला मनात उजळणी करायची असते. दोन आठवडे असे गेले. मी आणि काका एकाच फॅक्टरीत, दिवसातून दोनदा एकमेकांच्या समोरून जायचो. पोरीने काय खाल्लं हे एकमेकांना विचारायचं दोघांनाही सुचलं नाही. दोन ठिकाणच्या नोंदी जुळवून बघायच्या हे आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात.

बायोलॉजीच्या पेपरच्या सकाळी सई शाळेच्या कॉरिडॉरमध्ये पडली. पडताना खालचा ओठ बाकाच्या कडेवर आपटून फुटला. शाळेने मला फोन लावला. मी स्वच्छ कक्षात होते. तिथे गाऊन, टोपी, मोजे चढवून आत जायचं आणि फोन बाहेर लॉकरमध्ये. मंदार त्या दिवशी डब्लिनला होता, त्याने मीटिंगमध्ये फोन बंद ठेवलेला. तिसरा नंबर गावंडेकाकांचा होता. आणि तो दिवस आमच्या फॅक्टरीत सरकारी तपासणीचा होता. काका तपासनिसांसमोर बसून एकेक फाइल उघडून दाखवत होते. फोन आला, त्यांनी ऐकलं, हातातली फाइल बाजूला बसलेल्या त्यांच्या विभागातल्या पोरीकडे दिली, "शी नोज एव्हरीथिंग" म्हणाले आणि कोट न घेता निघाले. 'युअर मॅन', म्हणजे इकडच्या बोलीत 'तो गडी', तपासनिसांना सोडून चालता झाला, ही गोष्ट कँटीनमध्ये अजून सांगतात. त्यांना त्याबद्दल वरून बरंच ऐकून घ्यावं लागलं, पण ते मला त्यांनी कधी कळू दिलं नाही.

मी दोन वाजता बाहेर आले आणि फोनवर नऊ कॉल पाहिले. गाडी कशी चालवली मला आठवत नाही. काकांच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. सई सोफ्यावर झोपली होती, ओठ सुजलेला, अंगावर काकूंची शाल. काका स्वयंपाकघरात फेऱ्या मारत होते. डॉक्टरांना दाखवून आणलं होतं. घाबरण्यासारखं नाही, रक्त तपासायचं आहे, पण काल दुपारपासून पोटात अन्न नाही आणि झोप तीन तासांची, असं त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं.

"असं कसं?" मी म्हटलं. "साडेदहाला झोपते ती."

काका थांबले. "दिवाळीचा कार्यक्रम झाला होता नं लिमरिकला, शनिवारी. आपण सगळे परत किती वाजता आलो?"

"साडेअकरा झाले असतील."

"त्या दिवशी तक्त्यावर काय आहे?"

मला बघायची गरज नव्हती. सगळ्या दिवशी तेच होतं. आणि त्या साडेदहाच्या खाली माझी सही होती. मी स्वतः गाडी चालवून तिला घरी आणलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी, त्या साडेदहावर सही केली होती.

माणूस अशा वेळी काय करतो? समोरच्यावर ओरडतो. मीही ओरडले. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं. नोव्हेंबरपासून माहीत होतं आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत? माझी मुलगी आहे ती, काका. दुसऱ्याच्या प्रेस उघडून बघता, साखर मोजता, आणि हे सांगता येत नाही?" आणखीही बरंच बोलले. तुमची मुलगी असती तर कळलं असतं, असंही बोलले.

त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "चुकलं माझं. सांगायला पाहिजे होतं." सिंककडे वळत म्हणाले, "माझी मुलगी होतीच नं इथे. ह्याच शाळेत."

मुक्ताचं लीव्हिंग सर्ट त्यांनी करून घेतलं होतं. हा त्यांचाच शब्द, करून घेतलं. वर्षभर रोज पहाटे चारला ते तिच्या दारावर टकटक करायचे, हातात कॉफीचा कप घेऊन. एक दिवस चुकला नाही. ती उठून बसेपर्यंत दारातून हलायचे नाहीत. जेवण टेबलाशी नाही, पुस्तकाशी, घास हातात आणून द्यायचे. पॉइंट उत्तम आले, पेढे वाटले. "आता तिला गोळीशिवाय झोप नाही लागत," काका म्हणाले. "सात वर्षं झाली. इतक्यात सुट्टीत आली होती घरी. पहाटे उठून पाहतो तर चारला अंधारात पलंगावर बसून होती. मी म्हटलं, झोप नं. तर म्हणते, बाबा, तुम्ही याल असं वाटतं." हे सांगताना ते सिंकमधला एक कोरडा पेला पुसत होते. "रविवारी फोन करते. पाच मिनिटं बोलते. चांगली पोरगी आहे."

मला रडू आलं, आणि ते तिच्यासाठी होतं का माझ्यासाठी हे मला ठरवता आलं नाही. काकांनी मला खुर्ची सरकवली. मग एकदम विचारलं, "सहाच विषयांचे पॉइंट धरतात नं? मग आठ काऊन?"

"जास्तीचा असलेला बरा म्हणून."

"एकच जास्तीचा पुरे आहे. अप्लाइड मॅथ्स सोडू दे तिला."

मी दोन दिवस ऐकलं नाही. हे मुद्दाम सांगते, नाहीतर मी लगेच शहाणी झाले असं वाटेल. सोफ्यावर पडलेली पोरगी डोळ्यांसमोर असूनही माझ्या मनात आकडे चालूच होते; हा गेला, तो कमी पडला, मग फिजिओ हातचं जाईल. तिसऱ्या दिवशी सई बेसिनपाशी उभी राहून फुटक्या ओठाने दात घासत होती. आरशातून माझ्याकडे बघत तिने मराठीत विचारलं, "आई, तू माझ्यावर चिडलीस का?" एरवी ती मराठी समजते आणि उत्तर इंग्रजीतून देते. मी शाळेला ईमेल केली आणि आठवा विषय काढून टाकला. तक्ता काढला. पाचही महिन्यांचे कागद होते, सगळे सह्यांसकट.

मग मी माझी पाळी जूनपर्यंत नऊची करून घेतली. साहेब कुरकुरला, करू दे. सकाळी सव्वासातला मीही काकांच्या टेबलाशी बसायला लागले, सई आणि इफाच्या मधे. पहिले काही दिवस मला बसवेना. हात शिवशिवायचे, घड्याळाकडे लक्ष जायचं. काका नळापाशी उभे राहून, मागे न बघता म्हणायचे, "आईलाही वाढ गं थोडं." सगळं काही सुरळीत झालं नाही. सई एका आठवड्यात रोज साडेअकराला झोपायची आणि पुढच्या आठवड्यात परत दीडवर जायची. एप्रिलमध्ये एक डबा पुन्हा कचऱ्यात सापडला, ह्या वेळी तिने स्वतः सांगितलं. मी दाराआड उभी राहून तिच्या खोलीतला दिवा बघायची, आणि आत जाऊन काही बोलू नये म्हणून स्वतःचाच हात धरून ठेवायची. मी झोपेना म्हणून मंदार वैतागायचा. काका रोज सकाळी तिला विचारायचे, "काल किती?" आणि ती खरं सांगायची. कधी पाच, कधी सव्वासहा, एकदा साडेआठ. साडेआठ ऐकून काकांनी हातातला तवा खाली ठेवला होता.

जूनमध्ये परीक्षा झाली. सगळे पेपर तिने दिले. पॉइंट किती आले हे मी इथे सांगणार नाही. ऑगस्टात मी काकांना फोनवर सांगायला लागले तेव्हा त्यांनी आधी झोपेचंच विचारलं.

पण ते ऑगस्टात. त्याच्या आधीच काका निवृत्त झाले आणि कायमचे नागपूरला निघाले. शेवटच्या पेपरनंतर तिसऱ्या दिवशी त्यांचं विमान होतं, डब्लिनहून. ऑफिसातला एक जण त्यांना सोडायला जाणार होता. सईने त्यांच्यासाठी स्वतः कार्ड बनवून ठेवलं होतं आणि मला चारदा बजावलं होतं: काका आले की मला उठव, काहीही झालं तरी उठव.

सात वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. बाहेर गाडी चालू होती. काका दारातच म्हणाले की बसत नाही, उशीर होईल. "थांबा, सईला उठवते," म्हणून मी जिन्याकडे वळले.

"झोपली आहे?"

"हो. पण तिने सांगून ठेवलंय उठवायला."

"केव्हा झोपली?"

"दहाला. खरंच दहाला, मी पाहिलंय."

त्यांनी घड्याळ पाहिलं. नऊ तास होऊन गेले होते. "नको उठवू," ते म्हणाले. मी म्हटलं, काका, ती रडेल, तुम्ही परत कधी येणार आहात, मला बोलणी बसतील. ते नाहीच म्हणाले. मग विचारलं, "पाहू का फक्त?"

बूट काढून ते माझ्या मागून वर आले. सईच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ती पालथी झोपली होती, तोंड उघडं, एक पाय पांघरुणाबाहेर. पडद्यातून ऊन थेट गालावर पडत होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. काकांचा हात वर गेला. बोटं दुमडलेली, दारावर टकटक करायला नेतात तशी. तो हात तसाच दाराजवळ थांबला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि कोटाच्या खिशात घातला, आणि उभे राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. खाली गाडीवाल्याने एकदा इंजिन बंद केलं, मग परत चालू केलं.

माझ्याआधी ते खाली उतरले, पायरी करकरू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेने. कार्ड घेतलं, उघडलं नाही. बूट हातात घेऊन तसेच मोज्यांवर गाडीपर्यंत गेले. बसल्यावर दार त्यांनी इतकं हळू ओढलं की ते लागलंच नाही. गाडी तशीच निघाली, कोपऱ्यावरच्या त्यांच्या घरावरून पार पुढच्या वळणापर्यंत गेली आणि थांबली. दार उघडलं. तिथे, आमच्या घरापासून इतकं लांब गेल्यावर, काकांनी ते धाडकन लावून घेतलं.